एकाच माळेचे मणी

अलीकडे धर्मग्रामातील कुटुंबांच्या भेटीस गेलो, की आजारपणे, मुलांची शिक्षणे आणि विहिरीचे पाणी या तीन विषयांनंतर चौथा विषय राजकारणाचा निघतो आणि तो एका वाक्यात संपतो : ‘‘फादर, सगळे एकाच माळेचे मणी.’’ हे वाक्य पूर्वी ऐकू येत नसे असे नाही. परंतु त्या वेळी त्यात चीड असे, आणि चिडलेला माणूस अजून काही अपेक्षा बाळगून असतो. आता ते वाक्य पावसाळ्यात छत्री उघडावी तितक्या सहजपणे उच्चारले जाते. दादरच्या बाजारात भाजी घेऊन जाणाऱ्या बाया ते म्हणतात, मालाडच्या कचेरीत संगणकासमोर बसणारी मुले म्हणतात, निवृत्त शिक्षकही म्हणतात. कोणता पक्ष, कोण उमेदवार, हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

रोज संध्याकाळी जपमाळ हाती धरणाऱ्या समाजाने ही म्हण इतकी सैलपणे वापरावी याचे मला थोडे नवल वाटते. आपल्या माळेतले दहा मणी सारखे असतात खरे. परंतु त्यांच्यानंतरचा मणी थोडे अंतर राखून ओवलेला असतो आणि दिवे गेले तरी बोटांना तो बरोबर कळतो. असो. लोकांना उपदेश करण्यापूर्वी त्यांनी गेल्या काही वर्षांत डोळ्यांनी काय पाहिले, ते आठवणे न्यायाचे होईल.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला. भारतीय जनता पक्षास १०५, शिवसेनेस ५६, राष्ट्रवादी काँग्रेसला ५४ आणि काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. पहिल्या दोघांनी युती करून मते मागितली होती, उरलेल्या दोघांनी आघाडी करून. निकालानंतर युती मोडली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, आपली गावे अजून जागी होत असताना, एक शपथविधी उरकला गेला. तीन दिवसांत ते सरकार गेले. २८ नोव्हेंबरला शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचे सरकार आले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. धनुष्यबाण एका गटाकडे गेला, घड्याळ दुसऱ्या एका गटाकडे. त्या एकाच विधानसभेने तीन मुख्यमंत्री पाहिले आणि तीन विरोधी पक्षनेतेही पाहिले. ज्यांनी मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली होती ते विरोधी पक्षनेते झाले, पुढे उपमुख्यमंत्री झाले. जे विरोधी पक्षनेते होते ते एका दुपारी उपमुख्यमंत्री झाले.

या हिशेबातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. २०१९ साली आपण या चार पक्षांपैकी कोणालाही मत दिले असते, तरी त्या पाच वर्षांत केव्हा ना केव्हा आपला पक्ष सत्तेवर बसलाच असता. आणि केव्हा ना केव्हा तो, किंवा त्याचा एक तुकडा, विरोधातही बसला असता. म्हणजे मत कोठेही टाका, त्याचे फळ तेच. सामान्य माणसाने यावरून जो निष्कर्ष काढला तो त्याच्या आळसातून आलेला नाही. तो त्याने अनुभवातून काढलेला आहे.

आमच्या गावात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कागदी मतपत्रिकांच्या काळात त्यांनी अनेक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. आदल्या दिवशी ट्रकमधून पेट्या घेऊन डोंगराकडच्या पाड्यांवर जायचे, शाळेच्या बाकांवर झोपायचे, पहाटे पेटी उघडून ती रिकामी असल्याचे सर्वांना दाखवायचे आणि मग लाख वितळवून ती मोहोरबंद करायची. २० मे २०२४ रोजी लोकसभेसाठी पालघर मतदारसंघात मतदान झाले. सकाळची मिस्सा आटोपून मी केंद्रावर गेलो. दरवर्षी रांगेत पहिले असणारे सर मला दिसले नाहीत. संध्याकाळी चौकशी केली, तर ते घरीच, पानवेलीच्या मांडवात पाणी सोडत होते.

‘‘सर, तब्येत बरी आहे ना?’’

‘‘तब्येतीला काय झाले आहे, फादर? मी गेलो नाही, एवढेच.’’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘लाख लावताना माझी बोटे कितीदा भाजली आहेत. ती पेटी मी पवित्र वस्तू मानली. रात्री उशाशी घेऊन झोपलो. आता पेटीतून निघालेले मत मुंबईहून सुरतेला जाते आणि सुरतेहून गुवाहाटीला. मग मी कशाचे रक्षण करीत होतो, ते तुम्हीच सांगा.’’

मी त्यांना काही सांगितले नाही. त्यांच्या प्रश्नाला नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले उत्तर देणे म्हणजे त्यांचा अपमान झाला असता. ते पुस्तक त्यांनी तीस वर्षे शिकवलेले आहे.

सुरत-गुवाहाटी दूरची झाली. आपल्या वसईतच पाहा. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि पन्नासहून अधिक गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावे महापालिकेत नकोत, ग्रामपंचायती राहू द्या, म्हणून या वाचकांपैकी पुष्कळजण रस्त्यावर उतरले होते. त्याच वर्षी त्या आंदोलनाच्या बळावर एक अपक्ष आमदार निवडून गेले. २०११ साली २९ गावे वगळण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात गेला आणि वर्षामागून वर्षे गेली. या काळात काँग्रेस आणि राष्ट्रवादी सत्तेवर होते, मग भाजप आणि शिवसेना, मग शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस, मग फुटलेली शिवसेना आणि भाजप, नंतर फुटलेली राष्ट्रवादीही. मंत्रालयात जाऊन निवेदन देण्यासाठी एकही पक्ष शिल्लक उरला नाही. तरी ज्या मुलाने २००९ साली वडिलांच्या खांद्यावरून मोर्चा पाहिला तो आज मतदार झाला आहे. त्याने ‘सगळे सारखे’ म्हटले, तर त्याला गप्प करण्याचा अधिकार कोणाचा?

त्याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. २०२० साली या महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ येथे एकही लोकप्रतिनिधी नव्हता. प्रशासक कारभार पाहत होते. आधी करोना, मग आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचना. महाराष्ट्रातील बहुतेक महापालिकांची हीच गत झाली. दोन्ही आघाड्यांनी आपापल्या काळात ते चालू दिले. याबाबतीत मात्र मणी खरोखर सारखे होते. आणि आपण? माझ्या माहितीत त्यासाठी एकही मोर्चा निघाला नाही. सगळे सारखे असे एकदा मनाने घेतले, की कोणी नसले तरी चालते, इतकी सवय माणसाला होते.

आता गोव्याची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याला केवळ मतदार म्हणून नव्हे, तर भाविक म्हणूनही लागते.

२०१७ च्या निवडणुकीत गोव्यात काँग्रेसला चाळीसपैकी १७ जागा मिळाल्या, भाजपला १३. सरकार मात्र भाजपचे आले. पुढे राजीनामे आणि पोटनिवडणुका होऊन काँग्रेसचे १५ आमदार उरले, आणि जुलै २०१९ मध्ये त्यांतले १० एकदम भाजपमध्ये गेले. ही संख्या सहज ठरलेली नव्हती. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आणले. पक्ष सोडणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व जावे हा त्याचा हेतू. परंतु त्यात दोन दारे उघडी ठेवली होती. एक तृतीयांश आमदार निघाले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि दोन तृतीयांश निघाले तर ‘विलीनीकरण’. पहिले दार २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने बंद केले. दुसरे तसेच राहिले. पंधराचे दोन तृतीयांश म्हणजे नेमके दहा. एकट्याने कुंपण ओलांडले तर तो गुन्हा, दहाजणांनी मिळून ओलांडले तर ते स्थलांतर! नीतिशास्त्राच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्याने असा सिद्धांत मांडला असता, तर आमच्या वृद्ध प्राध्यापकांनी चष्मा काढून त्याच्याकडे बराच वेळ पाहिले असते.

कायदा पुरत नाही हे पाहून २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना बसमध्ये घालून पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या फुलांच्या खुरसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेले, आणि निवडून आल्यास पाच वर्षे पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. गोव्याला गेलेल्या वाचकांनी महामार्गालगतचा तो खुरीस पाहिला असेल. येणारे-जाणारे वाहन थांबवून फुले वाहतात, मेणबत्ती लावतात. मार्चमध्ये निकाल लागला. काँग्रेसचे ११ जण निवडून आले. त्याच निवडणुकीत २०१९ च्या त्या दहांपैकी बहुतेकांना मतदारांनी घरी बसवले होते, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. गोव्याच्या मतदाराने आपले काम चोख केले होते. १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्या अकरांपैकी ८ जण भाजपमध्ये गेले. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक काही, म्हणून आठ. मंदिर, खुरीस आणि दर्गा या तिघांपेक्षा त्या अपूर्णांकाचा धाक मोठा ठरला. त्यांच्यातील एका ज्येष्ठ नेत्याने पत्रकारांना सांगितले, की आपण देवाला पुन्हा विचारले आणि देवाने अनुमती दिली.

या शेवटच्या वाक्याने मी फार अस्वस्थ झालो. पक्ष बदलण्याने नव्हे. माणसाचे मत प्रामाणिकपणे बदलू शकते, आणि ज्या कारणासाठी बदलले ते चारचौघांत सांगून, राजीनामा देऊन, पुन्हा लोकांपुढे उभे राहण्याचा मार्ग कोणी अडवलेला नाही. अस्वस्थ झालो ते देवाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उठवून वकिलाच्या खुर्चीत बसवल्यामुळे. दुसरी आज्ञा आपण लहानपणी पाठ करतो ती याचसाठी. येशूने तर शपथच घेऊ नका, होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही असू द्या, अशी शिकवण दिली. ज्याचा ‘होय’ पुरेसा आहे त्याला खुरसापर्यंत न्यावे लागत नाही. ज्याचा पुरेसा नाही त्याला नेऊन उपयोग नाही. पक्षाने ती बस काढली तेव्हाच आपल्या उमेदवारांविषयी त्याचे स्वतःचे मत काय आहे, ते सांगून टाकले होते.

यात कोणा एका धर्माच्या माणसांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्या आठजणांत आपल्या नावांची माणसे होती. १९९० साली तर गोव्याचे सभापतीच, तेही ख्रिस्ती गृहस्थ, पक्षांतर करणाऱ्यांत सामील झाले आणि काही दिवसांत मुख्यमंत्री झाले. आपला माणूस निवडून गेला, की आपले भले होईल, या समजुतीला गोव्याच्या इतिहासात फारसा आधार सापडत नाही.

पक्ष सारखे का होतात, याचा विचार अर्थशास्त्रज्ञांनीही केला आहे. हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अमेरिकन विद्वानाने १९२९ साली एक निबंध लिहिला. त्याचा आशय आपल्या भाषेत असा सांगता येईल : राजोडीच्या किनाऱ्यावर दोन कुल्फीवाले आहेत. लोकांच्या सोयीसाठी एकाने उत्तरेच्या अर्ध्या भागात आणि दुसऱ्याने दक्षिणेच्या अर्ध्या भागात उभे राहावे हे बरे. परंतु प्रत्येकजण दुसऱ्याची थोडी गिऱ्हाइके आपल्याकडे यावीत म्हणून मध्याकडे सरकत जातो आणि शेवटी दोघेही किनाऱ्याच्या मध्यावर पाठीला पाठ लावून उभे राहतात. हॉटेलिंगने त्याच निबंधात पक्षांचे उदाहरणही दिले आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आपण हेच पाहिले. महायुतीचे सरकार महिलांना दरमहा १,५०० रुपये देत होते. पुन्हा आलो तर २,१०० देऊ म्हणाले. महाविकास आघाडी म्हणाली, आम्ही ३,००० देऊ. वर्षभरापूर्वी ज्यांनी एकमेकांची योजना खैरात म्हणून हिणवली होती, त्यांच्यात आता केवळ आकड्याचा फरक राहिला. गरीब बाईच्या हाती पैसे पडावेत याला माझा विरोध नाही. दीड हजारात तिचे गॅसचे आणि औषधाचे भागते, ते मी पाहिले आहे. पण तिच्या मुलीची शाळा, तिच्या गावचा दवाखाना, यांविषयी दोघांत काय फरक आहे, हे विचारले तर सभेत शांतता पसरते.

निधीच्या बाबतीतही साम्य आहे. २०१८ पासून निवडणूक रोख्यांची पद्धत होती. देणाऱ्याचे नाव लोकांपासून गुप्त. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि याद्या बाहेर आल्या, तेव्हा परस्परांना शिव्या देणारे बहुतेक सारे मोठे पक्ष त्यात सापडले. बहुतेक म्हणतो, सारे नव्हे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतले नव्हते आणि त्यांच्याविरुद्ध तो न्यायालयातही गेला होता. त्या पक्षाच्या विचारांशी माझे किती जुळते हा प्रश्न वेगळा. परंतु ‘सगळे’ हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळायला हवी, ती अशा ठिकाणी.

आणि पक्षांत अंतर असले, की सारे आलबेल होते असेही नाही. १९५० साली अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक अहवाल काढून तक्रार केली होती, की आमचे दोन पक्ष फारच सारखे आहेत, मतदाराला खरी निवड उरत नाही. त्यांची इच्छा पुढे पूर्ण झाली. आज त्या दोन पक्षांत इतके अंतर आहे, की २०२१ च्या ६ जानेवारीला पराभूत पक्षाच्या समर्थकांनी संसदभवनात घुसून धुडगूस घातला. एका घरात दोन पक्षांचे भाऊ असतील तर सणाला एकत्र जेवणे तिकडे अवघड झाले आहे, असे तेथे गेलेले आपले लोक सांगतात. तेव्हा साम्य हेच सर्वांत मोठे दुखणे आहे, असे मला वाटत नाही.

मुळात ते साम्य कोणाला दिसते? महामार्गाच्या पूर्वेकडे डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. तेथल्या एका वारली आजींच्या घरी मी अधूनमधून जातो. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याआधी जंगल खात्याचा माणूस कोणत्या वर्षी येऊन त्यांचा कोयता घेऊन गेला, कोणत्या वर्षी नाचणीचे उभे पीक तुडवले गेले, नंतर कोणत्या वर्षी जमिनीची मोजणी झाली आणि कोणत्या साहेबांच्या काळात दावा धूळ खात पडला, हे त्यांना तोंडपाठ आहे. वर्तमानपत्र त्यांनी कधी वाचलेले नाही. सगळे सारखेच ना, असे मी त्यांना एकदा मुद्दाम विचारले. त्या हसल्या. ‘‘बाबा, सारखं कसं? एक दारात येऊन मारतो, एक दारात येऊन बसवून ठेवतो. बसवून ठेवणारा बरा ना?’’ आमच्या पश्चिम पट्ट्यात पक्की घरे आहेत, मुले आखातात किंवा कॅनडात आहेत. सरकार कोणतेही आले तरी संध्याकाळचे जेवण चुकत नाही. साम्य दिसण्यासाठी जरा दूर उभे राहावे लागते, आणि तेवढे दूर उभे राहणे सर्वांना परवडत नाही.

आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजालाही ते फार काळ परवडेल असे मला वाटत नाही. तामिळनाडूत २००२ साली धर्मांतराविरुद्ध कायदा झाला. २००४ च्या लोकसभेत तेथील सत्ताधारी पक्षाची एकही जागा आली नाही, आणि निकालानंतर काही दिवसांतच त्याच सरकारने, त्याच मुख्यमंत्र्यांनी, तो कायदा मागे घेतला. विधानसभेची निवडणूक नव्हती, मुख्यमंत्री बदलले नव्हते; तरीही कायदा गेला. मताने माणूस बदलत नाही हे खरे मानले, तरी माणसाचे धोरण कधी कधी बदलते, याचा हा पुरावा आहे. त्या निकालाला इतरही कारणे होती हे मान्य करूनच मी तो येथे मांडतो.

‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाविषयी तरुण मंडळी मला हमखास विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयामुळे ते आले. २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये त्याला २७ हजारांहून अधिक मते पडली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. २०२४ मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेऊन भाजपची वाट धरली, तेव्हा तेथल्या २ लाख १८ हजारांवर मतदारांनी ते बटण दाबले. निषेध म्हणून त्याला मोल आहे. पण विधानसभेत किंवा लोकसभेत त्या बटणास सर्वाधिक मते पडली तरी पुढचा उमेदवारच निवडून येतो, हे ते दाबणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक संस्थांसाठी २०१८ साली यापुढे एक पाऊल टाकले आणि अशा वेळी फेरनिवडणुकीची तरतूद केली.

सेमिनरीत आम्हांला बुरिडानच्या गाढवाची गोष्ट सांगत. चौदाव्या शतकातील पॅरिसच्या या तत्त्वज्ञाच्या लिखाणात ते गाढव कोठेही नाही. पुढच्यांनी ते त्याच्या दाव्याला बांधले. दोन्ही बाजूंना अगदी सारख्या गवताच्या दोन गंजी, मध्ये भुकेले गाढव. एकीकडे जाण्यास दुसरीकडे जाण्याहून अधिक कारण नाही, म्हणून ते जागच्या जागी उपाशी मरते. वर्गात आम्ही हसत असू. आता वाटते, खऱ्या गाढवाने हुंगून पाहिले असते. एका गंजीत ओल लागली आहे हे त्याला कळले असते. शिवाय तत्त्वज्ञांच्या गोष्टीत गवत तसेच पडून राहते. निवडणुकीत आपण गेलो नाही तर गंज दुसरा कोणीतरी खाऊन जातो. राजस्थानात २००८ साली मुख्यमंत्रिपदाचे दावेदार समजले जाणारे नेते एका मताने पडले होते. आणखी एक गोष्ट : एवढा भ्रमनिरास होऊनही २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात ६६ टक्के मतदान झाले, २०१९ ला ते सुमारे ६१ टक्के होते. सगळे सारखे म्हणणारा माणूस रांगेत उभा राहतो आहे. त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या पायांवर माझा अधिक विश्वास आहे.

‘‘फादर, मग तुम्हीच एक नाव सांगा,’’ असे म्हणणारेही भेटतात. ते मी सांगत नाही. धर्मगुरूने पक्षीय राजकारणात सक्रिय होऊ नये, असा ख्रिस्तसभेच्या कायद्याचा दंडक आहे. आणि दंडक नसता तरी सांगितले नसते, कारण वेदीसमोर बसलेल्यांत सर्व पक्षांचे लोक आहेत आणि ते माझ्याकडे नावासाठी येत नाहीत. मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मतदान हा नागरिकाचा हक्क आणि कर्तव्यही म्हटले आहे, तेव्हा गप्प बसून राहणेही मला जमत नाही.

गेल्या विधानसभेच्या आधी तरुणांनी एक बेत मांडला. उमेदवारांना बोलवायचे आणि भाषण करू न देता फक्त प्रश्न विचारायचे. चर्चच्या आवारात प्रचारसभा घेणे आचारसंहितेत बसत नाही. म्हणून एका वाडीच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. काही उमेदवार आले, काहींनी प्रतिनिधी पाठवले, काहींनी कळवलेही नाही. प्रश्न साधे होते : सूर्या धरणाचे पाणी आमच्या नळाला किती दिवसांआड, बावखले बुजवणाऱ्यांवर काय करणार, गावांचे काय. गंमत अशी, की मंचावरून सारखे वाटणारे उमेदवार खुर्चीवर बसल्यावर सारखे राहिले नाहीत. एकाला बावखल म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. एकाने प्रत्येक प्रश्नाला होकार दिला. एकाने पाण्याविषयी सरळ सांगितले, की हे माझ्या हातात नाही, खोटे आश्वासन देणार नाही. त्यावर मागच्या रांगेतल्या बायांनी आपसांत माना हलवल्या. होकारार्थी की नकारार्थी, ते मला कळले नाही.

आमचे सर आले होते. शेवटच्या खुर्चीवर, छडी मांडीवर आडवी ठेवून बसले होते. साऱ्यांचे विचारून झाल्यावर उठले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : ‘‘पक्ष सोडावासा वाटला, तर आधी राजीनामा द्याल काय? होय किंवा नाही, एवढेच सांगा.’’ दोन प्रतिनिधींनी हे पक्षश्रेष्ठींना विचारावे लागेल असे सांगितले. बाकीचे होय म्हणाले. त्यांतल्या एकाने चर्चच्या घंटाघराकडे हात केला, तेव्हा सर म्हणाले, ‘‘तिकडे नको. येथे, या मुलीकडे पाहून सांगा.’’

ती मुलगी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने शंभर पानी वही आणली होती आणि चार रकाने आखले होते : कोण, कधी, काय म्हणाले, पुढे काय झाले. सरांनी मतदान केले की नाही ते मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. परंतु ती वही आता त्यांच्या घरी असते. दर तीन महिन्यांनी ती मुलगी आणि तिचे दोन मित्र तेथे जमतात, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि माहिती अधिकारात आलेली उत्तरे घेऊन. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा चौथ्या रकान्यात पाण्यासमोर अडीच ओळी भरल्या होत्या. बावखलासमोर सरांनी शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते आणि मुलगी म्हणत होती, की तलाठ्याकडून नकाशा मिळेपर्यंत ते शाईने लिहायचे नाही.